छत्तिसाव्या प्रकरणाचे एकोणीसशे तुकडे

८ जानेवारी

ती. मावशीस,
नमस्कार.

तीन आठवड्यांत अकरा वेळा फोन केला. आठ वेळा वाजून वाजून बंद पडला, तीन वेळा काकांनी उचलला आणि म्हणाले, "ती बागेत आहे." एवढ्या थंडीत बागेत करतेस तरी काय तू? शेवटी पत्र लिहायला बसले. अक्षर बघून हसू आलं तर हसून घे. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या बाईकडून याहून बरं अक्षर निघणार नाही.

तू आणि काका तिकडे राहायला गेलात त्याला दोन महिने झाले. ध्वनिग्रंथालय आहे तसंच आहे. तीन रेकॉर्डिंगच्या खोल्या, मागे माझी सर्व्हरची खोली, आणि दोन्हींच्या मध्ये साहेबांचं टेबल, म्हणजे कुठूनही कुठेही जाताना व्यवस्थापकांची नजर चुकवता येत नाही. तुझी दोन नंबरची खोली सध्या रिकामीच असते. नव्या वाचकबाई आल्यात, पण त्यांना तिथली खुर्ची आवडत नाही.

मुद्द्याचं सांगते. तुझं जहाजावरच्या डॉक्टरचं पुस्तक. बेचाळीस प्रकरणांपैकी छत्तीस वाचून तू गेलीस. जहाज बर्फात अडकलंय, डॉक्टर स्वतःच तापाने फणफणलाय, आणि पुढे काहीच नाही! श्रोते रोज विचारतात. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांनी पुढची पानं चाळून शेवट बघायचा तरी कसा? एक आठवडा ये. माझ्याकडे राहा. सहा प्रकरणं तू चार दिवसांत उरकशील.

उत्तर लगेच पाठव. काकांना नमस्कार.

तुझी
खारू


१७ जानेवारी

प्रिय खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर इतकं काही वाईट नाही, फक्त 'ध' आणि 'घ' यांच्यात जरा भांडण लावून दे, दोघं फारच एकसारखे दिसायला लागलेत.

फोनचं म्हणशील तर या घरात तो नीट ऐकू येत नाही. भिंती जाड आहेत. त्यापेक्षा पत्रच बरं.

इथे आमचं छान चाललंय. काकांचा गुडघा दुखतो, पण ते कबूल करत नाहीत. मी मागच्या अंगणात वाफे केलेत. जमीन इतकी कडक की खुरपं वाकलं.

पुस्तकाचं मात्र जमणार नाही. घसा बरा नसतो आणि प्रवासही झेपत नाही. चौदा वर्षं वाचलं, पुष्कळ झालं. नव्या बाईंना सांग पुढची सहा प्रकरणं वाचायला. बर्फाच्या ठिकाणांची नावं अवघड आहेत, त्यांचे उच्चार मी पुस्तकातच पेन्सिलीने लिहून ठेवलेत. खुर्ची एका बाजूला कलते, खाली जाड पुठ्ठा घातला की सरळ होते.

तुझ्या आईला सांग, मी ठीक आहे.

मावशी


३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
नमस्कार.

भिंती जाड आहेत म्हणे! काकांशी बोलताना तर मला त्यांच्या चमच्याचा आवाजही ऐकू येतो.

मावशी, तू माझ्यावर रागावलीयस का? तसं असेल तर सरळ सांग. लहानपणी तू मला खारूताई म्हणायचीस, कारण मी सगळं गालात भरून ठेवायचे आणि बोलायचे काहीच नाही. आता तूच तसं करतेयस.

इकडे एक नवीनच प्रकार झालाय. तू वाईट वाटून घेशील म्हणून सांगणार नव्हते, पण सांगायलाच हवं. साहेब जहाजाचं पुस्तक यादीतून काढायचं म्हणतायत. पुढच्या महिन्यात नवी यादी निघते, त्याआधी. ते म्हणतात की अर्धवट पुस्तक ठेवण्यात अर्थ नाही, नव्या बाई पहिल्यापासून वाचतील. मी म्हटलं, छत्तीस प्रकरणं झालीत, ती पुसून टाकायची? तर म्हणाले, "काही तांत्रिक अडचणी पण आहेत त्यात." एवढंच. तू येऊन सहा प्रकरणं पूर्ण केलीस तर त्यांना काही बोलायला जागाच राहणार नाही.

येतेस ना?

खारू


११ फेब्रुवारी

प्रिय खारू,

'तांत्रिक अडचणी' हा शब्द साहेबांचा की तुझा? कुणाचा का असेना, मला सांभाळून घेण्यासाठी शोधलाय, हे मला कळतं.

आता खरं सांगते, म्हणजे तू पुन्हा विचारणार नाहीस. नोव्हेंबरात एका दुपारी माझा चष्मा विसरला म्हणून मी अर्ध्या वाटेतून परत आले होते. साहेबांच्या टेबलाशी तू उभी होतीस. ते तक्रारींची वही वाचत होते. "वाचणाऱ्या बाई शब्दाच्या मध्येच थांबतात. दोन-दोन सेकंद. पूर्वी असं होत नव्हतं." अशा सात तक्रारी त्यांनी वाचल्या. मी दाराबाहेर मोजल्या. मग तू म्हणालीस, "वय झालंय साहेब. जरा सांभाळून घ्या."

चष्मा न घेताच मी घरी गेले.

तुझा राग आला नाही. तू प्रेमाने बोललीस, तेच तर लागलं. त्या संध्याकाळी मी घरी इंटरनेटवर, श्रोते ऐकतात तशी, माझीच प्रकरणं लावून ऐकली. तीस, एकतीस, छत्तीस. खारू, खरंच मी थांबत होते. 'किना' म्हणायचं, मग शांतता, मग 'ऱ्यावर'. वाचताना मला त्यातलं काहीही कळलं नव्हतं. मग दहा वर्षांपूर्वीचं एक पुस्तक लावलं. ते झऱ्यासारखं वाहत होतं.

तुझी आजी आठवते? तू लहान होतीस. तिचं असंच सुरू झालं होतं. आधी शब्दाच्या मध्ये थांबायची आणि तिला स्वतःला ते कळायचं नाही. दोन वर्षांत तिच्याकडे सात-आठ शब्द उरले. शेवटी मला 'पाणी' म्हणायची. पाणी हवं असलं तरी, आणि मी हवी असले तरी.

म्हणून मी फोन घेत नाही. कमी बोलते. काकांना काही सांगितलेलं नाही. डॉक्टरकडे गेले नाही, कारण ते काय सांगतील ते मला माहीत आहे. लिहिताना मात्र अजून थांबावं लागत नाही, तेवढं सुख.

ती छत्तीस प्रकरणं पुसून टाक. लोकांनी माझा तसा आवाज ऐकावा असं मला वाटत नाही. आईला यातलं काही बोलू नकोस.

मावशी


२५ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र सर्व्हरच्या खोलीत दार लावून वाचलं आणि खूप रडले. ते वाक्य मी म्हटलं होतं. त्याला काही सबब नाही. सात तक्रारी आल्या, मी एक केबल बदलली, दोन वेळा ऐकून बघितलं, मला काही दोष सापडला नाही, आणि मी मनात धरलं की मावशीचं वय झालं. तुला विचारलं नाही, तुझ्यापासून वही लपवली. माफ कर.

पण आता पुढचं नीट वाच, एकेक ओळ.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एक बाई काठी टेकत थेट साहेबांच्या टेबलाशी आल्या. सत्तरीच्या, जन्मापासून दृष्टी नाही, तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आल्या आल्या म्हणाल्या, "मी तीन वेळा तक्रार केली आणि तुम्ही तिन्ही वेळा चुकीची लिहून घेतलीत. बाई थांबतात असं मी म्हटलंच नव्हतं. आवाज थांबतो, असं म्हटलं होतं."

साहेब म्हणाले, "त्यात फरक काय?"

"माणूस बोलायचा थांबला तरी खोली थांबत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांच्या खोलीत बारीक घूं असा आवाज आहे, पंख्याचा असेल. बाई श्वास घेतात तेव्हा तो ऐकू येतो. पण हे खंड पडतात ना, तेव्हा तो घूं पण बंद होतो. मग खोलीसकट बाई थांबल्या का? आणि तेच वाक्य मी लगेच पुन्हा लावलं तर कधीच अडत नाही. माणूस एकदा अडखळला तर तो त्या रेकॉर्डिंगमध्ये दर वेळी अडखळेल की नाही?"

मावशी, इतकी वर्षं यंत्रं सांभाळते मी आणि हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता.

मी छत्तिसावं प्रकरण सर्व्हरवरून माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि तिथून ऐकलं. चाळीस मिनिटं. एकदाही खंड नाही. 'किनाऱ्यावर' अख्खं आहे. तू नीट म्हटलंयस, जरा जास्तच नीट म्हटलंयस.

मग सर्व्हर उघडून बसले. सर्व्हरमध्ये डिस्क असते, फिरती तबकडी, आणि तिच्यावरून वाचणारी एक दांडी. फाइल लिहायला सलग जागा मिळाली तर ती सलग लिहिली जाते. जागा नसेल तर जिथे फट सापडेल तिथे तुकड्या-तुकड्यांनी. आपली डिस्क गेल्या वर्षी सत्त्याण्णव टक्के भरली. त्यात तीन खोल्यांतलं रेकॉर्डिंग एकाच वेळी तिच्यावर उतरतं. त्यात तू! इतर जण वाचतात आणि घरी जातात. तू एक वाक्य चार-चार वेळा वाचतेस, प्रकरण संपल्यावर परत येऊन दुरुस्त्या करतेस, आणि प्रत्येक दुरुस्ती डिस्कवर कुठेतरी भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसते. तुझ्या छत्तिसाव्या प्रकरणाचे एकोणीसशे तुकडे झालेत. अख्ख्या सर्व्हरवर इतके तुकडे दुसऱ्या कुठल्याच फाइलचे नाहीत.

एकच जण ऐकत असेल तर दांडी कशीबशी धावून सगळे तुकडे वेळेत गोळा करते. संध्याकाळी साठ-सत्तर लोक एकदम ऐकायला बसतात, तेव्हा तिला पुरं पडत नाही. पुढचा तुकडा सापडेपर्यंत आवाज बंद. मी तपासायची सकाळी, तेव्हा कुणी ऐकत नसतं, म्हणून मला कधी काही सापडलं नाही. तू ऐकलंस संध्याकाळी. जे वाक्य नुकतंच वाचलं ते सर्व्हरच्या लक्षात असतं, म्हणून लगेच पुन्हा लावलं तर अडत नाही. आणि तुझी जुनी पुस्तकं डिस्क रिकामी होती तेव्हाची, सलग लिहिलेली.

तू अडखळत नाहीस. डिस्क अडखळते. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये.

फोन उचल ना ग.

खारू


३ मार्च

प्रिय खारू,

पत्र चार वेळा वाचलं. तू हुशार आहेस आणि तुझं माझ्यावर प्रेम आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस काहीही सिद्ध करू शकतो.

मी नोव्हेंबरपासून मन घट्ट केलंय. आता ते सैल केलं आणि उद्या तुझं म्हणणं चुकीचं निघालं तर मला पुन्हा घट्ट करता येणार नाही. एवढं समजून घे आणि मला घाई करू नकोस.

तो घूं आवाज पंख्याचा नाही. खिडकीच्या वरच्या काचेचा आहे. त्या बाईंचे कान चांगले आहेत.

मावशी


९ मार्च

वाचकबाईंस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या भाचीने पत्ता दिला. हे पत्र मी स्वतः टाइप करते आहे, तेव्हा एखादं अक्षर इकडेतिकडे झालं तर बोटांचा दोष, डोक्याचा नाही.

भाची म्हणाली, तुमचा तिच्यावर विश्वास बसत नाही, कारण ती घरची आहे. मी घरची नाही. मला तुमचं मन राखायचं काही कारण नाही. उलट माझी तुमच्याविरुद्ध एक जुनी तक्रार आहे. तुम्ही म्हाताऱ्या पात्रांचं बोलणं फार कापऱ्या आवाजात वाचता. मी स्वतः म्हातारी आहे. आम्ही तशा बोलत नाही.

तीस वर्षं माझ्या कानात लोकांचे आवाज आणि तारांचे दोष एकत्र येत होते. पलीकडचा माणूस रडतोय म्हणून गप्प झाला, की विसरला म्हणून, की तार गेली म्हणून, हे मला अर्ध्या सेकंदात ओळखावं लागे. नाहीतर मी रडणाऱ्या माणसाची लाइन कापली असती. मी दोन-चार वेळा कापलीही आहे. ते आवाज अजून आठवतात. त्यानंतर माझी चूक झाली नाही.

तुमच्या आवाजाला काही झालेलं नाही. छत्तिसाव्या प्रकरणात डॉक्टर आपल्या मुलीला पत्र लिहितो तिथे तुम्ही एका ठिकाणी थांबलात. तेवढी एक जागा खरी तुमची आहे. तिथे खोलीचा आवाज चालू आहे आणि तुमचा श्वास जड झालेला ऐकू येतो. तिथे थांबायलाच हवं होतं.

माझे डॉक्टर चार महिने तापात पडलेत. त्यांचं काय झालं ते मला नव्या आवाजात ऐकायचं नाही.

आपली,
एक श्रोती
(माजी ऑपरेटर)


१४ मार्च

ती. मावशीस,
नमस्कार.

काम झालं. आता क्रमाने सांगते.

सगळ्या फाइली पुन्हा सलग लिहायचं साहेबांना आधी पटेना. "दोन दिवस ग्रंथालय बंद? अहो, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, एकच प्रकरण करून दाखवते. छत्तिसावं प्रकरण दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, मूळचं पुसलं, थोडी जागा मोकळी केली आणि परत सलग लिहिलं. मग बरोबर संध्याकाळी सहाला, सत्तर लोक ऐकत असताना, साहेबांच्या कानाला हेडफोन लावला. आधी पस्तिसावं, जसं होतं तसं. पहिल्या पाच मिनिटांत चार खंड. मग छत्तिसावं. ते चाळीस मिनिटं बसून राहिले. चहा निवला. शेवटी हेडफोन काढून म्हणाले, "आपण त्यांना जाऊ दिलं." मग तक्रारींची वही घेतली आणि सातही तक्रारींसमोर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'दोष सर्व्हरचा. वाचकाचा नाही.' खाली सही केली.

शनिवार-रविवार सगळं बंद ठेवलं. आधी सगळ्या फाइलींची वेगळी प्रत काढली, ती खरंच उघडते का हे तपासलं, मगच मूळ डिस्कला हात लावला. रविवारी दुपारी एक फाइल उघडेना. ती निघाली साहेबांच्या स्वागत समारंभातल्या भाषणाची. साहेब म्हणाले, "राहू दे, गेली तर गेली." मग ती पण उघडली, दुर्दैवाने.

आता कुठलंही प्रकरण बटण दाबताच सुरू होतं. पुन्हा असं होऊ नये म्हणून डिस्क चार-पंचमांशापेक्षा जास्त भरू द्यायची नाही असं ठरलंय, आणि नवं रेकॉर्डिंग आधी वेगळ्या डिस्कवर होईल, पूर्ण झाल्यावरच सर्व्हरवर सलग जाईल. तू एक वाक्य चाळीस वेळा वाचलंस तरी चालेल.

सोबत एक चकती पाठवतेय, त्यावर तुझी छत्तीसही प्रकरणं आहेत. तिला माझ्या सर्व्हरची गरज नाही. संध्याकाळी लाव, सकाळी लाव, हवं तेव्हा लाव. तूच ऐक आणि तूच ठरव. मी आता पटवायला येणार नाही.

खारू


२३ मार्च

प्रिय खारू,
अनेक आशीर्वाद.

चकती आली आणि तीन दिवस कपाटात ठेवली. चौथ्या दिवशी काका बाजारात गेले तेव्हा लावली. छत्तिसाव्यापासून सुरुवात केली, म्हणजे जे काय व्हायचं ते एकदाच होईल. मी ऐकत राहिले. मध्ये काका आले, पिशवी खाली ठेवली आणि दारातच उभे राहिले. प्रकरण संपलं. मग ते म्हणाले, "चार महिन्यांनी या घरात तुझा आवाज ऐकला."

मी त्यांना सगळं सांगितलं. वही, आजी, सगळं. खूप वेळ लागला, आणि लक्षात ठेव, तोंडाने सांगितलं. ते ऐकून घेतल्यावर काय म्हणाले माहीत आहे? "मला वाटलं, मीच तुला काहीतरी टाकून बोललो असेन. रोज आठवत होतो, काय बोललो असेन." बिचारे चार महिने माझ्यासमोर मुकाट जेवत होते आणि मनात आपले गुन्हे शोधत होते! मी हसायला लागले आणि मग ते हसणं काही धड राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच मला डॉक्टरकडे घेऊन गेले. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, "यंत्राचं तपासलं, आता तुझंही तपासू. म्हणजे शंकेला जागा नको." डॉक्टरीणबाई तरुण होत्या. चित्रं दाखवली, नावं विचारली, वाक्यं म्हणून घेतली, एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगायला लावले. मी तेवीस सांगितले. घरी येऊन काकांनी प्रयत्न केला, चौदा झाले, त्यात वाघ दोनदा.

बोलण्यात किंवा आठवणीत काही दोष नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मात्र श्वास पूर्वीपेक्षा तोकडा झालाय आणि स्वरतंतू थोडे सुकलेत. वयाने होतं. चाळीस मिनिटं वाचलं की वीस मिनिटं गप्प बसायचं, आणि पाणी पीत राहायचं. दर वर्षी एकदा दाखवायला यायचं. म्हणजे वय झालंय हे खरंच आहे, खारू. फक्त तुम्ही समजलात ते आणि तेवढं नाही.

ऑपरेटरबाईंना वेगळं पत्र लिहिलंय. म्हाताऱ्या पात्रांची चूक कबूल केली. डॉक्टर मुलीला पत्र लिहितो ती जागा मी चौथ्यांदा वाचून ठेवली होती, कारण आधीच्या तीन वेळा जास्त थांबले होते. हे त्यांना सांगितलं. इतकं बारीक ऐकणारं पलीकडे कुणी असेल असं मला चौदा वर्षांत माहीत नव्हतं.

आता आपल्या दोघींचं. तू मला वाईट वाटू नये म्हणून वही लपवलीस. मी तुला काळजी वाटू नये म्हणून गप्प बसले. दोघींनी प्रेमानेच केलं आणि चार महिने गेले. यापुढे असं नको. मी खरंच अडखळले तर त्याच दिवशी, तोंडावर, रेकॉर्डिंगच्या खोलीची काच ठोठावून सांगायचं: मावशी, थांबलीस. मी पुन्हा वाचीन. पुन्हा नाही जमलं तर तेही मला तूच सांगायचं. मला ते ऐकता येईल. दाराबाहेर उभं राहून ऐकता आलं नाही, एवढंच.

सोमवारी सकाळच्या गाडीने येते. काकाही येतायत, आता त्यांना माझं बोलणं ऐकायची हौस आलीय. सदतिसावं प्रकरण मी घरी दोनदा वाचून पाहिलंय. डॉक्टरचा ताप उतरतो, पण बर्फ अजून फुटलेला नाही. पुढचं तिथे येऊन वाचते.

मावशी